मद्याची खेप पाठवताना: धोकादायक मालाचे नियम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा वाशीत एखाद्या फॉरवर्डरच्या, म्हणजे ग्राहकांचा माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याच्या, कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींसमोर पहिल्या काही आठवड्यांत एक प्रश्न हमखास येतो: व्हिस्कीची खेप ‘हॅझ’, म्हणजे धोकादायक माल, म्हणून बुक करायची की साधा माल म्हणून? कार्यालयातील दोन अनुभवी माणसे या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे देतात आणि बहुतेक वेळा दोघांचेही बरोबर असते, कारण दोघांच्या मनात वेगवेगळ्या खेपा असतात. मद्य ही पिण्याची वस्तू असल्यामुळे तिच्यात धोका कसला, असे ग्राहकाला वाटते. बाटलीत जे आहे ते पाणी आणि पेट घेणारा द्रव यांचे मिश्रण आहे, हे जहाजाच्या पोटात किंवा विमानाच्या मालकक्षात मात्र विसरून चालत नाही. हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. या विषयात झालेल्या ज्या चुका मी पाहिल्या, त्यांतील बहुतेक कायदा ठाऊक नसल्यामुळे झाल्या नव्हत्या. ग्राहकाला पहिल्या दिवशी तीन साधे प्रश्न विचारले न गेल्यामुळे झाल्या होत्या. मद्यार्काचा टक्का किती, तो कोणत्या आकाराच्या पात्रात भरलेला आहे आणि माल कोणत्या मार्गाने जाणार आहे, हे ते तीन प्रश्न.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. मद्याच्या वाहतुकीवर दोन स्वतंत्र कायद्यांची नजर असते. एक कायदा आगीचा विचार करतो: समुद्रमार्गासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा आयएमडीजी कोड, हवाई मार्गासाठी आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तांत्रिक सूचना आणि त्यांवर आधारलेले आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचे नियमपुस्तक, तर आपल्या रस्त्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. दुसरा कायदा मद्य म्हणून मद्याचा विचार करतो. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ असून त्याची अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो. पहिल्या कायद्यातून खेपेला सूट मिळाली म्हणून दुसऱ्यातून ती सुटत नाही. बाराच टक्के मद्यार्काची नाशिकची वाईन आगीच्या नियमांतून पूर्णपणे मोकळी असते, पण वाहतूक पासाशिवाय तिचे एक खोकेही ट्रकवर चढवता येत नाही.

पहिली पायरी: टक्का

मद्यार्काचा टक्का नेहमी घनफळाच्या प्रमाणात धरायचा असतो. धोकादायक मालाच्या यादीत ‘अल्कोहोलिक बेव्हरेजेस’ या नावाची नोंद यूएन ३०६५ या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील, क्रमांकाखाली आहे आणि तिचा वर्ग ३, म्हणजे ज्वालाग्राही द्रव, असा आहे. या नोंदीत टक्क्याच्या दोन सीमा आहेत. २४ टक्के किंवा त्याहून कमी मद्यार्क असेल तर माल धोकादायक मालाच्या नियमांत येतच नाही. बीअर, साधी वाईन, मधापासून केलेले मीड, १८ ते २० टक्क्यांची पोर्टसारखी वाईन आणि बरीचशी क्रीम लिक्यर या गटात बसतात. २४ टक्क्यांहून अधिक आणि ७० टक्क्यांपर्यंत असेल तर पॅकिंग ग्रुप तीन लागतो. पॅकिंग ग्रुप म्हणजे धोक्याची पातळी; एक सर्वांत धोकादायक, तीन सर्वांत कमी. आपल्याकडील व्हिस्की, रम, ब्रँडी, व्होडका आणि गोव्याची फेणी येथे येतात. ७० टक्क्यांच्या वर गेले की पॅकिंग ग्रुप दोन लागतो आणि येथून नियम बरेच कडक होतात.

या सीमांमागचे कारण समजले तर आकडे पाठ करावे लागत नाहीत. द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकेल असे सर्वांत कमी तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट साधारण १३ अंश सेल्सिअस असतो, तर ४० टक्के मद्यार्काच्या पेयाचा २६ अंशांच्या आसपास. म्हणजे उरणच्या एखाद्या यार्डात मे महिन्यात उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये फुटलेल्या व्हिस्कीच्या बाटलीची वाफ ठिणगी पडल्यास पेटेल, एवढे तापमान तेथे सहज असते. पाण्याचा वाटा जसजसा वाढतो तसतशी ज्वाला टिकून राहणे अवघड होत जाते आणि म्हणून २४ टक्क्यांखालच्या पेयांना मोकळीक मिळाली आहे.

टक्का वाचताना ‘प्रूफ’ या शब्दापाशी थांबावे. भारतीय मोजणीत ७५ अंश प्रूफ म्हणजे घनफळाने ४२.८ टक्के, आणि आपल्या बाटल्यांवर हाच आकडा वारंवार दिसतो. अमेरिकी मोजणीत प्रूफचा आकडा टक्क्याच्या बरोबर दुप्पट असतो, त्यामुळे १५१ प्रूफची रम ७५.५ टक्क्यांची ठरते. आमच्याकडे एकदा हवाई मार्गाने जाणारे नमुन्यांचे एक खोके आले होते. पाठवणाऱ्याने यादीत फक्त ‘रम, बारा बाटल्या’ असे लिहिले होते आणि आम्हीही लेबले न पाहता ते पुढे धाडले. बारांपैकी एक बाटली ७५.५ टक्क्यांची निघाली आणि तिच्यापायी संपूर्ण खोके कार्गो संकुलातून परत आले. तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाकडून प्रत्येक प्रकारच्या बाटलीच्या लेबलाचे छायाचित्र मागवतो आणि नुसत्या यादीवर विश्वास ठेवत नाही. आपणही हीच सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी पायरी: पात्र

नवीन माणूस सर्वांत जास्त गोंधळतो तो येथे. आयएमडीजी कोडमध्ये १४५ क्रमांकाची एक विशेष तरतूद आहे. तिच्यानुसार पॅकिंग ग्रुप तीनमधील मद्य २५० लिटर किंवा त्याहून लहान पात्रांत भरलेले असेल तर त्याला कोड लागू होत नाही. येथे पात्र म्हणजे द्रव ज्यात प्रत्यक्ष भरला आहे ते भांडे, म्हणजेच बाटली, कॅन किंवा पिंप. खोके, पॅलेट किंवा कंटेनर म्हणजे पात्र नव्हे. त्यामुळे चाळीस फुटी कंटेनरमध्ये ७५० मिलिलिटरच्या हजारो बाटल्या असल्या आणि त्यांतील द्रवाची बेरीज कित्येक हजार लिटर झाली, तरी ४२.८ टक्क्यांचा तो माल समुद्रमार्गे साधाच माल ठरतो. उलट त्याच टक्क्याचे मद्य हजार लिटरच्या एकाच आयबीसीत, म्हणजे घाऊक द्रवासाठीच्या मोठ्या भांड्यात, भरले की तो वर्ग ३ चा धोकादायक माल होतो, मग संपूर्ण खेपेत ते एकच भांडे का असेना.

लाकडी पिंपांबाबतही हाच हिशेब करावा. व्हिस्की मुरवण्याचे नेहमीचे अमेरिकी पिंप सुमारे २०० लिटरचे असते. ते ६० टक्क्यांच्या मद्याने भरलेले असले तरी २५० च्या आत बसते. त्याहून मोठ्या, ५०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपांसाठी २४७ क्रमांकाची वेगळी तरतूद आहे, पण ती केवळ उत्पादनप्रक्रियेचा भाग म्हणून होणाऱ्या वाहतुकीपुरती आहे. तिच्यात पिंपे आधी तपासून घट्ट करणे, किमान तीन टक्के जागा रिकामी ठेवणे, बूच वरच्या बाजूला राहील असे ठेवणे आणि प्रत्येक पिंप त्याच्यासाठी बनवलेल्या पाळण्यात पाचर मारून बसवणे अशा अटी आहेत.

परदेशातून मिश्रणासाठी येणारे माल्ट मद्य बहुधा आयएसओ टँकमध्ये, म्हणजे कंटेनरच्या मापाच्या चौकटीत बसवलेल्या टाकीत, येते. तो टँक कोणत्याही हिशेबाने २५० लिटरच्या आत बसत नसल्यामुळे येथे कोडची प्रत्येक अट लागू होते. चारही बाजूंना २५० मिलिमीटरची वर्ग ३ ची लाल फलके, त्यांच्यासोबत ३०६५ हा क्रमांक आणि धोकादायक मालाचे घोषणापत्र हे सर्व लागते. टँक अर्धवट भरून पाठवण्याची इच्छा ग्राहकाने दाखवली तर त्याला वेळीच थांबवावे. आतून ७,५०० लिटरपर्यंतच्या कप्प्यांत न विभागलेला टँक २० टक्क्यांहून जास्त आणि ८० टक्क्यांहून कमी भरलेला असेल तर तो वाहतुकीसाठी देता येत नाही, कारण आत हिंदकळणारा द्रव वळणावर किंवा लाटेवर टँकलाच ढकलतो. आणखी एक गोष्ट म्हणजे फ्लेक्सीटँक, म्हणजे कंटेनरच्या आत पसरून द्रव भरायची मोठी पिशवी. वाईन फ्लेक्सीटँकमधून जाते हे पाहून काही जण ४० टक्क्यांचे मद्यही त्यात भरण्याचा विचार करतात. धोकादायक माल फ्लेक्सीटँकमध्ये नेता येत नाही आणि मोठ्या पात्रातले ४० टक्क्यांचे मद्य धोकादायकच असते, त्यामुळे तो विचार तेथेच सोडून द्यावा.

७० टक्क्यांवरच्या मद्याला २५० लिटरची ही सूट नाही. ते पाच लिटरपर्यंतच्या आतील पात्रांत आणि ३० किलोपर्यंत एकूण वजनाच्या खोक्यांत भरले तर ‘मर्यादित प्रमाणातील माल’ म्हणून पाठवता येते. अशा खोक्यावर वरचे आणि खालचे टोक काळे असलेली चौकटीची खूण लावावी लागते आणि घोषणापत्रही द्यावे लागते.

तिसरी पायरी: मार्ग

समुद्राचे नियम हवेत लावू नयेत, कारण हवाई नियमांत २५० लिटरची सूट नाही. तेथे ए९ क्रमांकाची तरतूद आहे. तिच्यानुसार ७० टक्क्यांपर्यंतचे मद्य पाच लिटर किंवा त्याहून लहान पात्रांत असेल तर कार्गो म्हणून पाठवताना नियमांतून मोकळे असते. म्हणजे जे २०० लिटरचे पिंप न्हावा शेव्याहून साधा माल म्हणून निघाले असते, तेच विमानाने पाठवताना पूर्णपणे धोकादायक माल ठरते. ७० टक्क्यांवरचे मद्य प्रवासी विमानात प्रत्येक पॅकेजमध्ये फक्त पाच लिटर आणि मालवाहू विमानात ६० लिटर इतकेच नेता येते. त्यासाठी प्रमाणित पॅकेजिंग आणि लाल तिरप्या रेघांच्या काठाचे घोषणापत्र लागते, आणि त्यावर सही करणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण मागील २४ महिन्यांतले असावे लागते. आपल्या कार्यालयात अशी व्यक्ती नसेल तर सही कोणी तरी करून टाकली, असे कधीही होऊ देऊ नये.

प्रवाशाच्या सामानाबद्दल विचारणारे ग्राहकही भेटतात. २४ ते ७० टक्क्यांचे मद्य दुकानातील मूळ सीलबंद बाटल्यांत, प्रत्येक प्रवाशामागे एकूण पाच लिटरपर्यंत नेता येते. ७० टक्क्यांच्या वरचे मद्य प्रवाशाला सामानात नेताच येत नाही.

रस्त्याने जाणाऱ्या बाटलीबंद मालात खरी काळजी उत्पादन शुल्काच्या पासाची असते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. टँकरची गोष्ट निराळी आहे. साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधून येणारे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल सुमारे ९६ टक्क्यांचे असते. ते अजून पेय झालेले नसते, म्हणून त्याची नोंद यूएन ११७० या क्रमांकाखाली होते. अशा टँकरला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२९ ते १३७ हे नियम लागू होतात. दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन ठिकाणी आपत्कालीन माहितीचा फलक लावावा लागतो. चालकाकडे ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचा धोका आणि अपघातात काय करावे हे सांगणारे पत्रक, असावे लागते, आणि नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतल्याची नोंद त्याच्या परवान्यावर असावी लागते. ट्रेम कार्ड कोणत्या भाषेत आहे, हे मी स्वतः पाहतो. चालकाला वाचता न येणाऱ्या भाषेतले कार्ड अपघाताच्या वेळी नसल्यासारखेच असते.

पेयासारखे दिसणारे, पण पेय नसलेले

या सर्व सवलती मद्यपेयांपुरत्या आहेत, मद्यार्क असलेल्या प्रत्येक द्रवासाठी नाहीत. महापे आणि रबाळे भागातून खाद्यपदार्थांसाठीचे इसेन्स मोठ्या प्रमाणात जातात. ३५ टक्के मद्यार्क असलेला व्हॅनिलाचा अर्क टक्क्याने व्हिस्कीहून सौम्य असतो, पण तो यूएन ११९७ खाली येतो आणि २५० लिटरची सूट त्याला मिळत नाही. अत्तरे यूएन १२६६ खाली येतात. हाताला लावायचे सॅनिटायझर पेय नाही हे सांगायला नको, तरीही मद्यार्काची पूर्वीची फाइल समोर ठेवून सॅनिटायझरची कागदपत्रे तयार करणारे मी पाहिले आहेत. वर्गीकरण आकड्यावर नव्हे, तर वस्तू नेमकी काय आहे यावर सुरू होते. ते करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते, म्हणून ग्राहकाकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवून त्यातील वाहतुकीविषयीचा चौदावा विभाग वाचल्याशिवाय बुकिंग करू नये.

खोकी भरणे आणि कंटेनर लावणे

सूट मिळालेला मालही गळला तर पेटतोच, त्यामुळे बाटल्यांमधील पुठ्ठ्याची विभाजने, घट्ट झाकणे आणि थोडी रिकामी मान या गोष्टींत काटकसर करू नये. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर उष्णतेने फुगलेला द्रव बूच ढकलतो. पावसाळ्यात उघड्या डॉकवर भरणी होत असेल तर पुठ्ठा ओल धरतो आणि खालचा थर वरच्या थराच्या वजनाने दबतो. जून ते सप्टेंबर या काळात मी पॅलेटवरील थर एकाने कमी ठेवायला सांगतो. भाड्याच्या हिशेबात हे ग्राहकाला जड जाते, पण फुटलेल्या मालाचा पंचनामा त्याहून जड जातो.

एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल जाणार असेल तर शेजार तपासावा. तळोज्याच्या रसायन पट्ट्यातून ब्लीचिंगसाठीचे कॅल्शियम हायपोक्लोराइट जाते. ते वर्ग ५.१ चे ऑक्सिडीकारक असल्यामुळे कोड लागू असलेला वर्ग ३ चा माल त्याच्यासोबत एका कंटेनरमध्ये ठेवता येत नाही. सूट मिळालेल्या बाटल्यांना ही अट कागदावर लागत नाही, तरीही मी त्यांना असा शेजार देत नाही आणि कोणी देऊ नये असेच मला वाटते.

कागद

कोड लागू असलेल्या खेपेच्या घोषणापत्रात यूएन क्रमांक, योग्य वाहतूक नाव, वर्ग आणि पॅकिंग ग्रुप याच क्रमाने लिहावे, आणि कंटेनर भरणाऱ्याचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. घोषणापत्रात ब्रँडचे नाव लिहून भागत नाही. सूट मिळालेल्या खेपेसाठीही बहुतेक शिपिंग लाइन ‘नॉन-हॅझ’ पत्र मागतात. त्यात टक्का, बाटलीचे आकारमान आणि विशेष तरतूद १४५ चा उल्लेख असला की प्रश्नोत्तरे बरीच कमी होतात. कोडची ४२-२४ ही दुरुस्ती १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाली आहे आणि दुरुस्त्या दर दोन वर्षांनी येतात, तर आयाटाचे पुस्तक दर वर्षी बदलते. म्हणून कपाटातील जुनी प्रत पाहून कोणालाही सल्ला देऊ नये. भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन १ जुलै २०१६ पासून सक्तीचे आहे आणि मद्याला त्यातून सूट नाही. माल वाटेत कोणत्या बंदरांत उतरून दुसऱ्या जहाजावर चढणार आहे, हेही लाइनकडून लेखी घ्यावे, कारण कुवेतसारख्या काही देशांत मद्याच्या आयातीला बंदी आहे.

गोदामापासून न्हावा शेव्यापर्यंत

मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे त्याच्या वाहतुकीला ई-वे बिल लागत नाही. नवीन माणूस नेहमीच्या सवयीने ते शोधत बसतो आणि जो कागद खरोखर हवा असतो तो मागे राहतो. तो कागद म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वाहतूक पास. त्यावर मालाचा प्रकार, परिमाण, वाहनाचा क्रमांक, मार्ग आणि मुदत यांची नोंद असते. यांतील प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षाशी जुळली पाहिजे. विनापास वाहतूक हा अधिनियमाच्या कलम ६५ खालील गुन्हा आहे आणि त्यात वाहनही अडकते.

आपल्या भागाची एक अडचण लक्षात ठेवावी. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात आहे, तर पनवेल, तळोजा, उरण आणि न्हावा शेवा रायगड जिल्ह्यात. म्हणजे रबाळ्याच्या गोदामातून निघालेला ट्रक तासाभराच्या प्रवासात एका अधीक्षक कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो. पासावर ठाणे-बेलापूर रस्ता, उरण फाटा आणि गव्हाण फाटा असा मार्ग असेल तर वाहतूक कोंडी टाळण्यासाठी चालकाने मनाने कळंबोलीचा वळसा घेऊ नये. भिवंडीहून येणाऱ्या ट्रकला मुंब्रा बायपास आणि शिळफाटा ओलांडावा लागतो. ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून पासाची मुदत आणि बंदराची गेट बंद होण्याची वेळ या दोहोंचा मेळ आदल्या दिवशीच घालावा. ट्रक बिघडून माल दुसऱ्या वाहनात चढवावा लागला तर आधी उत्पादन शुल्क कार्यालयाला कळवावे, त्यांच्या सूचना घ्याव्यात आणि मगच खोक्यांना हात लावावा. उत्तरेकडे जाणाऱ्या मालाची वाट गुजरातमधून जाते. तेथे राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी आहे, त्यामुळे त्या राज्यातून पार जाण्याची परवानगी हातात आल्याशिवाय वाहन हलवू नये.

गळती झाली तर

मद्यार्काची वाफ हवेहून जड असते आणि जमिनीलगत पसरत गटारात किंवा शेजारच्या वाहनाखाली पोहोचते. म्हणून वास येताच इंजिन बंद करावे, विडी-सिगारेट आणि मोबाइल दूर ठेवावेत, लोकांना वाऱ्याच्या उलट दिशेला न्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. शुद्ध मद्यार्काची ज्वाला फिकट निळी असते आणि भर उन्हात नीट दिसतही नाही, त्यामुळे आग दिसत नाही म्हणून कोणी जवळ जाऊ नये. अग्निशमन दलाला फोनवर द्रवाचे नाव, टक्का आणि यूएन क्रमांक सांगावा. पाण्यात मिसळणाऱ्या या द्रवावर साधा फेस विरून जातो आणि मद्यार्क-प्रतिरोधक फेस लागतो, हे त्यांना निघतानाच कळले तर योग्य गाडी येते. टँकरच्या अपघाताची खबर जवळच्या पोलीस ठाण्याला देणे चालकावर नियम १३६ प्रमाणे बंधनकारक आहे. गळालेल्या मालाचे परिमाण उत्पादन शुल्क विभागाच्या अधिकाऱ्यासमोर मोजून घ्यावे, फुटलेल्या बाटल्यांची बुचे आणि लेबले फेकून देऊ नयेत, आणि पासाची मूळ प्रत शेवटपर्यंत चालकाजवळच राहू द्यावी.